दूध बांधलं त्या वर्षीचा नाताळ

डिसेंबर लागला की आमच्या ख्रिस्ती मंडळीतल्या बायका मला गाठतात. "आजी, यंदा तरी नाताळच्या खऱ्या अर्थावर दोन शब्द बोला." मी नाही म्हणते. मी म्हातारी झाले म्हणजे मला अर्थ कळला असेल, हा त्यांचा भाबडेपणा. वय वाढलं की गुडघे दुखतात, एवढंच मला खात्रीनं सांगता येईल. शिवाय या विषयावर बोलणारे सगळे एकच बोलतात. केक म्हणजे नाताळ नव्हे, नवे कपडे म्हणजे नाताळ नव्हे, दारावरची चांदणी म्हणजे नाताळ नव्हे, प्रभूला हृदयात जागा द्या. एवढं बोलून झालं की केक कापतात. केकचं मला वावडं नाही. पण ज्या वर्षी माणसाचं हृदयच जागेवर नसतं त्या वर्षी जागा कुठून द्यायची, असं मी एकदा विचारलं, तर सगळ्या माझ्याकडं बघून हसल्या आणि एकीनं मला बसायला खुर्ची दिली.

माझ्या वाट्याला असं एक वर्ष आलं होतं. वऱ्हाड तेव्हा मध्य प्रांताला जोडलेलं होतं आणि मी लग्न होऊन नुकतीच अमरावतीत रुळत होते. नवरा मिशनच्या शाळेत मास्तर. सगळं गाव त्यांना मास्तर म्हणायचं, म्हणून मीही मास्तरच म्हणू लागले. शाळेच्या मागं आमचं देऊळ, म्हणजे चर्च, देवळाच्या मागं मोकळं मैदान आणि मैदानाच्या कडेनं आम्हा ख्रिस्ती लोकांची घरं. कापसाचा हंगाम असला की दिवसभर सरकी काढणाऱ्या जिनांचे भोंगे वाजायचे आणि बाजारातून परतणाऱ्या गाड्यांमधून उडालेला कापूस आमच्या कुंपणाला चिकटून राहायचा.

माझं माहेर अकोल्याचं. आजोबा भिक्षुकी करायचे. माझे वडील तरुणपणी ख्रिस्ती झाले तेव्हा घरच्यांनी ते जिवंत असताना त्यांचं क्रियाकर्म उरकलं. वडील ते फार हसून सांगत. म्हणत, माझ्या तेराव्याचे लाडू चांगले झाले होते असं ऐकतो. आई मात्र हसत नसे. ती वडिलांच्या मागोमाग आली खरी, पण येताना निम्मं घर बरोबर घेऊन आली. आमच्याकडं पाण्याच्या माठाला कोणी हात लावायचा आणि कोणी नाही याचे नियम होते. आई ते स्वच्छतेच्या नावाखाली पाळायची. प्रार्थना तिच्याइतकी सुंदर कोणी करत नसे. गुडघे टेकून डोळे मिटले की तिचा चेहरा उजळायचा. उठली की आधी माठ बघायची.

पहिलं बाळंतपण माहेरी, त्याप्रमाणं मी अकोल्याला गेले. दसऱ्याच्या सुमारास मुलगी झाली. चांगली गोरीगोमटी, डोक्यावर हे जावळ. दूध इतकं की तिच्या तोंडातून ओघळून माझी चोळी भिजायची. आई म्हणायची, जुळी असती तरी पुरलं असतं. तिला घेऊन मी बडनेऱ्याला गाडी बदलून अमरावतीला परत आले तेव्हा मास्तर स्टेशनवर नवा कोट घालून उभे होते. इतका वेळ उन्हात तो कोट घालून उभं राहण्याची काही गरज नव्हती, पण उभे होते.

आता आमच्या देवळातली रीत सांगते. नाताळच्या सकाळी उपासनेच्या वेळी वेदीपुढं गव्हाण ठेवत. खोटी, पुठ्ठ्याची नव्हे. नांदगाव पेठेकडचा एक कास्तकार दर वर्षी आपल्या गोठ्यातली लाकडी गव्हाण बैलगाडीत घालून आणून द्यायचा आणि उपासना झाली की परत न्यायचा. वर्षभर बैलांनी माना घासून तिच्या कडा गुळगुळीत झालेल्या असायच्या आणि तिला शेणाचा आणि लाळेचा वास असायचा. त्यात कडबा पसरायचा, कडब्यावर दुपटं आणि त्या दुपट्यावर मंडळीतलं सगळ्यांत लहान मूल ठेवायचं. बायबलातला ख्रिस्तजन्माचा शास्त्रपाठ होईपर्यंत ते तिथं असे. मग सगळे एकेक करून येऊन बघून जात. मूल रडलं, मुतलं तरी काही बिघडत नसे. ज्या घरचं मूल त्या घराला त्या वर्षी मोठा मान.

त्या वर्षी सगळ्यांत लहान माझीच होती. एक-दोन वडीलधाऱ्यांनी कुरकुर केली की मुलगी कशी चालेल. आमचे पाळक, म्हणजे धर्मगुरू, नगरकडचे होते, बोलायला मऊ, पण हट्टी. ते म्हणाले, "बाळ ते बाळ. प्रभू मुलींसाठी आला नाही असं लिहिलेलं मला दाखवा." कोणी काही दाखवलं नाही. मी आईच्या जुन्या इरकली लुगड्याचं दुपटं शिवायला घेतलं.

नोव्हेंबर सरता सरता मुलीची छाती कफानं भरली. दवाखान्यात नेलं. तिथल्या लोकांना जे करता आलं ते त्यांनी केलं. ती गेली. मास्तरांनी तिला आमच्या कबरस्तानात नेऊन मातीत ठेवलं. माती कोरडी होती आणि ढेकळं फोडावी लागली, एवढं मला ठाऊक आहे, कारण परत आल्यावर त्यांच्या हातांना फोड आले होते.

मी रडले नाही. सगळे माझ्या रडण्याची वाट बघत होते. बायका येऊन बसायच्या, स्वतः रडायच्या आणि माझ्याकडं तिरक्या डोळ्यांनी बघायच्या. मला काहीच वाटत नव्हतं. लोक म्हणत हे दुःखच आहे, पण दुःख मला माहीत होतं. वडील गेले तेव्हा ते झालं होतं, जेवण गेलं नव्हतं. आता जेवण जात होतं. भाकरी थापली जात होती. तव्याला बोट लागून फोड आला तो मला दुसऱ्या दिवशी कपडे धुताना दिसला. मास्तर शेजारी बसले की बसले आहेत असं दिसायचं, उठून गेले की गेले आहेत असं दिसायचं. त्यांचीही एक मुलगी गेली आहे, हे मला पाठ असल्यासारखं ठाऊक होतं, पण आतून कळत नव्हतं.

सांत्वनाला येणारे काय काय बोलायचे! देवाला फूल आवडलं म्हणून त्यानं खुडलं. स्वर्गात तिचा पहिला नाताळ होईल. मी मान हलवायची. एरवी मी असल्या बोलण्यावर फटकन काहीतरी बोलले असते, माझी जीभ तेवढ्यासाठी प्रसिद्ध होती. पण रागही येत नव्हता.

एकच गोष्ट तेव्हा डोक्यात येऊन बसली होती. शाळेत नाताळच्या नाटकाची तालीम चालू होती आणि मास्तर घरी बसून बाळ येशूच्या दर्शनाला आलेल्या मागी, म्हणजे ज्ञानी लोकांचे मुकुट सोनेरी कागदानं मढवत होते. मागी आले, मेंढपाळ आले, देवदूत तर ढीगभर. पण शास्त्रात त्यापुढं हेरोद राजाचे शिपाई आहेत आणि बेथलेहेमातली मारली गेलेली मुलं आहेत. त्या मुलांच्या आया आहेत. त्या मी आजवर कुठल्याही नाटकात पाहिल्या नव्हत्या. मास्तरांना विचारलं, तर ते म्हणाले की पाळकांनीच तो भाग गाळायला सांगितला, सणाच्या दिवशी रक्त नको. मी म्हटलं, बरं. मरियेचं मूल वाचलं आणि त्या बायकांची नाही वाचली. मी आता त्या बायकांतली आहे, एवढं माझ्या मनानं नोंदवलं आणि मी पुन्हा भांडी घासायला लागले.

अंगाला मात्र यातलं काही कळलं नव्हतं. दूध येत होतं. मुलीच्या दुखण्याचं कळताच अकोल्याहून आई आली होती. तिनं जुन्या लुगड्याची रुंद पट्टी फाडून माझ्या छातीभोवती करकचून आवळली आणि पाठीवर गाठी मारल्या. "बांधून ठेवलं की आटतं," ती म्हणाली. आटलं नाही. ठणका लागला की आई पट्टी सोडायची, वाटीत पिळून काढायची आणि पुन्हा बांधायची. आईचं दूध पायदळी येऊ नये म्हणतात, म्हणून ती वाटी घेऊन परसात जायची आणि शेवग्याच्या बुडाशी हळूच ओतायची. मी खिडकीतून बघत असायची. शेवग्याला त्या वर्षी फार शेंगा आल्या.

आणि चार घरं पलीकडं एक मूल उपाशी होतं. हे आज मी सांगते आहे, तेव्हा मला ठाऊक नव्हतं. ठाऊक असणारी माणसं होती, पण ती बोलली नाहीत. एका घरी दूध झाडाच्या बुडाशी जात होतं, दुसऱ्या घरी मूल सुकत होतं आणि मधल्या मैदानात मुलं गव्हाणीची गाणी बसवत होती.

ते मूल एका तरुण बाईचं होतं. नवरा जिनात कामाला. तिचे सासू-सासरे अंजनगावाकडचे, गावकुसाबाहेरच्या वस्तीतून ख्रिस्ती झालेले. देवळात बायकांसाठी एकच मोठी सतरंजी असायची. कोणी कुठंही बसावं. ती मात्र नेहमी सतरंजीच्या शेवटच्या काठावर बसायची, निम्मी फरशीवर. प्रभुभोजनाचा प्याला सगळ्यांना एकच होता आणि तो तिच्या हाती सगळ्यांच्या नंतर जायचा. असं कोणी ठरवलेलं नव्हतं. बसण्याच्या ओळीनं तसं व्हायचं, आणि ओळ कशानं लागते हे कोणी विचारत नसे.

तिचा मुलगा माझ्या मुलीपेक्षा थोडासाच मोठा. त्यामुळं गव्हाणीचा मान आता त्याच्याकडं गेला. पाळक तिच्या घरी सांगायला गेले, तर तिनं नाही म्हटलं. खोकला आहे म्हणाली. पाळकांनी पुन्हा निरोप पाठवला, दोन मिनिटं ठेवू, गरम कपड्यात गुंडाळून ठेवू. पुन्हा नाही. मंडळीत दुसरं तान्हं मूल नव्हतं.

मास्तरांनी हे घरी येऊन सांगितलं तेव्हा मला कारण लगेच कळलं. म्हणजे कळलं असं वाटलं. गेलेल्या मुलाची जागा. ज्या मुलीला त्या गव्हाणीत ठेवायचं ठरलं ती मेली, आता तिथं आपलं मूल कोण ठेवेल? आम्ही ख्रिस्ती झालो, शकुन-अपशकुन मागं टाकले असं पाळक व्यासपीठावरून सांगत. पण मांजर आडवं गेलं की आमच्यातले निम्मे लोक अजून थांबायचे. मी स्वतः थांबायची. आईनंही तेच म्हटलं. "तिचं तरी काय चुकलं? आपणही दिलं नसतं."

त्यानंतर मला काही गोष्टी दिसायला लागल्या. विहिरीवर बायका मुलांना दुसऱ्या कडेवर घ्यायच्या, माझ्यापासून लांबच्या. माझ्यासमोर कोणी आपल्या लेकराचं कौतुक करत नसे. कदाचित माझी कीव येऊन तसं करत असतील. मला वाटलं, मी आता या मंडळीत माणूस नाही, एक वाईट खूण आहे. यापुढं माझ्या हातात कोणी मूल देणार नाही. हे मला लखलखीत दिसत होतं आणि तरी काही वाटत नव्हतं. वाटायला हवं होतं. दुसऱ्या कुणाबद्दल ऐकत असावं तसं ते मी स्वतःशी बोलून बघायची.

एका दुपारी त्या मुलाची आई आमच्या मागच्या दाराशी आली. मी आत पडून होते. पदराखाली काहीतरी धरून ती पायरीच्या खाली उभी होती, एवढं फटीतून दिसलं. आई दारात उभी राहून तिच्याशी हलक्या आवाजात बोलली. मग ती गेली.

"काय म्हणत होती?" मी आईला विचारलं.

"काही नाही गं. तुझी चौकशी. गुळाचा खडा दिला हातावर."

मला वाटलं, गव्हाणीला मूल दिलं नाही म्हणून माफी मागायला आली असेल. मी कूस बदलली.

शेवटी पाळकांनी तोड काढली. मिशनच्या बंगल्यातल्या मडमसाहेबांकडं विलायतेहून आलेली एक मोठी बाहुली होती, ती यंदा गव्हाणीत ठेवायची. आमच्या घरी येऊन त्यांनी मला मुद्दाम विचारलं. "मास्तरीणबाई, तुम्हाला वाईट वाटेल असं काही मला करायचं नाही." मी म्हटलं, "मला काही वाटत नाही." त्यांना तो मोठेपणा वाटला. पण ती नुसती खरी गोष्ट होती.

नाताळच्या सकाळी आईनं मला ओढून नेल्यासारखं देवळात नेलं. आंब्याच्या डहाळ्यांची तोरणं, झेंडूच्या माळा, रंगीत कागदाच्या पताका. मंडळी नव्या कापडाच्या वासात बसली होती. वेदीपुढं गव्हाण होती, तिच्यातला कडबा नीट पसरलेला. माझं दुपटं कोणी मागितलं नव्हतं आणि मी दिलं नव्हतं. शास्त्रपाठाआधी पाळकांनी बाहुली दोन्ही हातांत धरून पुढं आणली. सोनेरी केस, लाल गाल, निळे उघडे डोळे. मागच्या बाकांवर बसलेली माणसं माना उंचावून बघू लागली. पाळकांनी ती अलगद गव्हाणीत आडवी केली आणि आडवी करताच तिचे डोळे टक् करून मिटले.

पोरं हसली. एक बाई "अगंबाई!" म्हणाली. पाळकांनाही ते आधी माहीत नसावं, कारण त्यांनी ती उचलली, डोळे उघडले, पुन्हा ठेवली, पुन्हा टक्.

मी उठले. फार दुःख झालं म्हणून उठले असं सांगायला बरं वाटेल, पण तसं नव्हतं. माझ्या मुलीचे डोळे आईनं बोटांनी मिटले होते, ते मला आठवलं, आणि मग एवढंच कळलं की मला इथं बसायचं नाही. पायच उठले. आईनं पदर धरला, तो सोडवून मी बाजूच्या दारानं बाहेर आले.

देवळामागं त्या कास्तकाराची गाडी सोडलेली होती. बैल चाकाशी बांधलेले, कडबा चघळत होते. कास्तकार स्वतः दाराशी उभा राहून आतली गंमत बघत होता. गाडीच्या पलीकडून एक आवाज येत होता. मुलाचं रडणं म्हणावं तर तेवढा जोर त्यात नव्हता. मी वळसा घालून गेले. ती तिथं जमिनीवर बसली होती. मांडीवर मूल, शेजारी वाटी, हातात कापसाची वात. वात वाटीत बुडवून मुलाच्या तोंडाला लावत होती. मूल चोखत होतं, ओकत होतं आणि पुन्हा तोंड वासत होतं. त्याच्या मांड्यांची कातडी सैल लोंबत होती. डोकं तेवढं मोठं दिसत होतं.

मला बघून ती दचकली आणि तिनं मुलावर पदर घेतला.

"खोकला आहे ना त्याला?" मी म्हटलं.

"खोकला नाई, बाई." तिनं मान खाली घातली. "माहं दूध आटलं. ताप आलता मले, तवापासून. शेळीचं पाजून राहिली, त ते ओकून राहिला."

"मग गव्हाणीला काहून नाही दिलास?"

"साऱ्यायनं पायलं असतं न त्याले. अशे हातपाय. म्हनले असते, हे काय लेकरू हाय का प्रभूच्या जागी ठेवाचं?"

मी म्हटलं, "मला वाटलं, माझी पोर गेली म्हणून तू भ्यालीस."

तिनं मान वर करून माझ्याकडं बघितलं. तिला खरोखरच समजलं नव्हतं. "तिले काहून भ्याव? लेकरूच त होतं ते."

आत गाणं सुरू झालं. मी विचारलं, "त्या दिवशी घरी कशाला आली होतीस?"

ती वात वाटीत फिरवत बसली. मग तिची नजर माझ्या छातीवर गेली आणि लगेच बाजूला झाली. "मागाले आलती. आईले म्हनलं, बाईले इचारा. एक डाव पाजलं तरी पुरे. आई म्हनल्या, तिचं दूध आटलं. बांधून टाकलं."

माझी आई खोटं बोलत नसे. आयुष्यभर नाही. वडील तिला त्यावरून चिडवायचे. आणि त्या संध्याकाळीही ती वाटी घेऊन शेवग्याकडं गेली होती, मी बघितलं होतं. खोटं का बोलली हे मला तिला विचारायची गरज नव्हती. मी त्याच माठातलं पाणी पिऊन वाढले होते. या बाईलाही ते ठाऊक होतं. म्हणूनच ती तक्रार करत नव्हती, नुसतं सांगत होती, जसं कोणी बाजारात आज मीठ नव्हतं म्हणून सांगावं.

मूल पुन्हा रडलं आणि माझी पट्टी ओली झाली. ओल पट्टीतून चोळीत आली, चोळीतून पदरात. लपवण्यासारखं काही राहिलं नाही.

मी गाडीच्या धुरेवर बसले, पदर घेतला आणि चोळीची गाठ सोडली. पट्टीची गाठ पाठीवर होती, तिथवर हात पोचेना. तिच्याकडं पाठ केली. "सोड," मी म्हटलं.

ती जागची हलली नाही.

"सोड ना गं."

"बाई, मी कशी..."

"हात आहेत ना तुला? सोड म्हणते ना!"

इतक्या दिवसांनी माझा आवाज चढला होता. तिनं मुलाला दुपट्यावर ठेवलं आणि दोन्ही हात आपल्या लुगड्याला पुसले, पुन्हा पुन्हा पुसले. मग तिची बोटं माझ्या पाठीला लागली. थंड होती. गाठी आईनं मारलेल्या, ओल्या होऊन घट्ट बसलेल्या. तिला त्या सुटेनात, तेव्हा तिनं दातांनी सोडवल्या.

मूल माझ्या मांडीवर आलं. वजनच नव्हतं त्याला. तोंडानं शोधत राहिलं, आधी चुकलं, मग सापडलं आणि त्यानं अशी ओढ लावली की मी ओरडले. दुखलं. किती दिवसांनी मला काही दुखत होतं. आत पाळकांचा आवाज येत होता, देव देहधारी झाला, तो आमच्यामध्ये राहिला. लहानपणापासून हे मी घडाघडा म्हणत आले होते. देह म्हणजे काय हे कोणी सांगितलं नव्हतं. देह म्हणजे भूक. मरियेजवळ त्या रात्री सोनं नव्हतं, देवदूत तर मेंढपाळांकडं गेले होते. त्या मुलाला जगायला जे लागत होतं ते तिच्या अंगातून यायचं होतं, आणि नसतं आलं तर गोठ्यात येणाऱ्या कुठल्यातरी बाईकडं मागावं लागलं असतं. ती बाई कोण, कुठली, हे विचारण्याइतका वेळ त्याच्याजवळ नव्हता.

पुढं उन्हाळा लागेपर्यंत मी त्याला पाजलं. तो चांगला धिप्पाड झाला आणि भांडखोरही. मंडळीत काही दिवस कुजबुज झाली, मग थांबली. पण हे सगळं नंतरचं.

त्या सकाळी आई मला शोधत बाजूच्या दारात आली. तिनं आम्हाला पाहिलं. मला वाटलं ती हाक मारेल, किंवा परत आत जाईल. तिनं दोन्हींतलं काही केलं नाही. तोंडाला पदर लावला आणि ती तिथंच उंबऱ्यावर बसली, आत नाही, बाहेर नाही. आम्ही पुढं कधीही यावर बोललो नाही.

मूल शांतपणे पिऊ लागलं होतं. त्याचा एक हात माझ्या मानेपाशी आला आणि मूठ मिटली, उघडली, मिटली. माझी मुलगी असंच करायची. तेव्हा मला कळलं की ती गेली. अकोल्याहून आणलेली, जावळाची, नाताळला गव्हाणीत ठेवायची ती माझी मुलगी मेली. मी मोठ्यानं रडू लागले. मूल दचकलं नाही, त्याला पिण्यापुढं कशाचीच पर्वा नव्हती. डिसेंबरचा बोचरा वारा मैदानावरून सरळ अंगावर येत होता आणि त्याची आई माझ्या पाठीशी उभी राहून दोन्ही हातांनी पदर पसरून तो अडवत होती.